नाताळ ते संक्रांत: छोट्या शिशूच्या वर्गात करायचं तरी काय?

चिमणवर्ग

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या मागे एका जुन्या वाड्यात आमची छोटी बालवाडी आहे. मी छोटा शिशू घेते, म्हणजे तीन ते चार वर्षांची मुलं. निम्म्यांच्या घरी मराठी, बाकी गुजराती, दोन-तीन हिंदी बोलणारी.

दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर मुलं आत्ता कुठे रडायची थांबलीत, तेवढ्यात वरून यादी आली. २० डिसेंबरपासून सँटा सप्ताह, मग न्यू इयर पार्टी, मग काइट डे. रोज एक क्राफ्ट आणि रोज एक फोटो पालकांच्या ग्रुपवर.

आता क्राफ्ट कसं होतं ते सांगते. रात्री जागून मी लाल कागद कापते, कापसाची दाढी चिकटवते, टोपी चिकटवते. दुसऱ्या दिवशी मूल येऊन डोळ्यांच्या जागी दोन टिकल्या लावतं. त्यातली एक टिकली नाकावर गेली तर मीच ती उचलून जागेवर लावते, कारण फोटो काढायचा असतो. पालक म्हणतात, वा, काय सुंदर केलंय आमच्या पिल्लाने!

मला नाताळ टाळायचा नाहीये आणि संक्रांतही टाळायची नाहीये. पण या तीन-चार आठवड्यांत मुलांनी स्वतःच्या हातांनी करावं असं काय असू शकतं? गॅस नाही, बजेट जेमतेम, मदतीला एक मासी. जमेच्या बाजूला मोठा ओटा आणि अंगण, तिथे साडेनऊपासून छान ऊन असतं. सुचवा.

शंकासुर

नाकावर टिकली लावलेला सँटा मला हवाय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

दोन_पिल्लांची_आई

पालक म्हणून लिहिते. थोरल्याच्या वेळी रात्री साडेनऊला मेसेज आला होता: "उद्या लाल कपडे, सोबत एक स्नोमॅन." वडोदऱ्यात! मुलाने बर्फ पाहिलाय तो फक्त गोळ्याच्या लारीवर. थर्माकोलचे मणी आणून मी आणि नवऱ्याने बारा वाजेपर्यंत स्नोमॅन केला, मूल केव्हाच झोपलं होतं. शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. कोणाला मिळालं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

तेव्हा ताई, काहीही करा, पण घरून काही मागवू नका.

मुरारचा_मुरांबा

आधी एक शंका. वडोदऱ्यात थंडी असते? 🙂

आमच्या ग्वाल्हेरला हा प्रश्नच येत नाही. डिसेंबर संपत आला की धुकं पडतं आणि कलेक्टरसाहेबांचा आदेश निघतो: शाळेची वेळ बदलली, नाहीतर नर्सरी ते पाचवी बंद. शीतकालीन सुट्टी असतेच, वर ही. गेल्या हिवाळ्यात धाकटी नऊपर्यंत रजईतून बाहेर येत नव्हती. तिची शिक्षिका रोज सकाळी एक गोष्ट बोलून पाठवायची आणि शेवटी एक काम सांगायची. "घरातले सगळे मोजे गोळा करा आणि जोड्या लावा." घरभर मोजे. बाबांचे दोन मोजे एकमेकांचे नव्हतेच, हा शोध तिनेच लावला. आम्हाला फुकटात अर्धा तास शांतता मिळायची.

बाकी मुरैन्याची गजक असली की आम्हाला कुठलीही ॲक्टिव्हिटी चालते.

गृहविज्ञान_८७

मोज्यांची कल्पना उत्तम. जोड्या लावणं, लहान-मोठं ओळखणं, रंग, सगळं त्यात आलं.

चिमणवर्ग, तुमचा प्रश्न वाचून मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. आम्ही सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानला असताना चेतन बालवाडीत निरीक्षणाला बसायचो. एका कोपऱ्यात मुकाट बसायचं, मुलाला मदत करायची नाही, फक्त काय दिसतं ते लिहायचं. तीन वर्षांचं मूल स्वेटरचं एक बटण लावायला किती वेळ घेतं आणि त्या वेळात त्याची जीभ कशी तोंडाबाहेर येते, याच्या माझ्याकडे पानंच्या पानं नोंदी आहेत.

तेव्हा पहिली सूचना: स्वेटर. वडोदऱ्याची थंडी सकाळी आठला असते आणि दहाला संपते. रोज दहा वाजता तुमच्या वर्गात स्वेटरचा ढीग पडत असणार आणि मासी घड्या घालत असणार. ते काम मुलांना द्या. काढायचा, बाही उलटी झाली असेल तर आत हात घालून सुलटी करायची, बटणं लावायची, घडी घालायची, आपल्या खुणेच्या खुंटीखाली ठेवायची. रोजची वीस मिनिटं जातील. जाऊ द्या. माँटेसरीच्या साधनांत बटणांच्या चौकटी असतात, त्या विकत घेण्याऐवजी तुमच्याकडे दोन डझन चौकटी रोज चालत येताहेत.

दुसरं, आपल्याकडे ही वाट फार आधी पडलेली आहे. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या, तेव्हा त्यांनी महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, पानं, बिया असं आसपासचंच वापरलं. हिवाळ्यात तुमच्या आसपास काय आहे? खंडेराव मार्केटला एक चक्कर मारा. मटार, सुरती पापडी, तुरीच्या ओल्या शेंगा, ओली हळद, बोरं, ऊस. ही तुमची साधनं.

दोन_पिल्लांची_आई

ताई, आदर ठेवून लिहिते, पण वर्षाची एवढी फी भरून मुलाने शाळेत मटार सोलायचे? सासूबाई म्हणतील, मग घरीच ठेव, मला मदत तरी होईल.

गृहविज्ञान_८७

सासूबाईंचं बरोबर आहे. घरी सोलू देत असतील तर फारच उत्तम. देतात का?

दोन_पिल्लांची_आई

नाही. सांडतो म्हणून. 😐

आजीबाई_रावपुरा

सांडू दे गं. आमच्या घरी ऊंधियूचं सामान निवडायला सगळी पोरं बसायची. पापडीची शीर ओढायची, दाणे वेगळे, सालं वेगळी. आठ वर्षांच्या पोराला वांग्याला चीर द्यायचं काम, तीन वर्षांच्याला मटार. त्यातले निम्मे पोटात जायचे, ते धरूनच जास्त आणायचे.

बालरोगवाला

आणि एखादा नाकात जायचा. तो माझ्याकडे यायचा.

थट्टा बाजूला. मटार सोलायला माझी हरकत नाही, पण एका वेळी पाच-सहा मुलांचाच गट बसवा आणि एक मोठं माणूस समोर हवं. नाकात गेलाच तर चिमटा, हेअरपिन काही घालू नका, आत ढकलला जातो. सरळ दवाखान्यात.

धागा वाचतोय तर या दिवसांतल्या बाकी गोष्टीही सांगून टाकतो.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक चिक्की, गोळ्या या वयाला वर्गात नकोच. चार वर्षांच्या आतल्या मुलांचं चावणं कच्चं असतं, आणि दाणा तोंडात असताना हसलं, पळालं की तो श्वासनलिकेत जातो. आपल्याकडे श्वासनलिकेतून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाण्याचा नंबर फार वरचा आहे. कूट चालेल. तीळ चालतील, पण कोणाला तिळाची किंवा दाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी पालकांना विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं: चमचमणाऱ्या सँटा टोप्या, बॅटरीवरच्या मेणबत्त्या, गाणारी ग्रीटिंग कार्डं. यांत बटणासारखे सेल असतात, आणि स्वस्त मालात त्यांच्या झाकणाला स्क्रूही नसतो. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. नाकात गेला तरी तेच. संशय आला तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. मी तर म्हणेन या वस्तू वर्गात आणूच नका.

शंकासुर

डॉक्टर, आता श्वास घ्यायचीही भीती वाटायला लागली.

बालरोगवाला

श्वास घ्या. फुटाणे नको.

इंदुरी_जिरावण

इंदूरहून राम राम. आमच्या माळव्यात संक्रांतीला पतंगाइतकाच मान गिल्ली-डंड्याला. एरवी बँकेत कॅशियर असलेले काका त्या दिवशी डंडा घेऊन गल्लीत उतरतात आणि शेजाऱ्यांच्या काचा मोजतात. बालवाडीत खरी गिल्ली नकोच, डोळ्याला लागते. आमच्या भाचीच्या शाळेत जाड पुठ्ठ्याची नळी आणि मोज्यांचा गोळा केला होता. पोरं बेहद्द खूष. मोज्यांचा विषय वर निघालाच आहे, तर बाबांचे ते बिनजोडीचे इथे कामी येतील.

तीन वर्षांच्या मुलाला हवेतली वस्तू मारता येत नाही. गोळा जमिनीवर ठेवायचा, नळीने ढकलत रेषेपलीकडे न्यायचा. हरणं-जिंकणं नाही.

सँटाविरोधक

मूळ मुद्द्यावर कोणीच बोलत नाहीये. मराठी मुलांना सँटा हवाच कशाला? कोका-कोलाने जाहिरातीसाठी तयार केलेला लाल कपड्यांचा म्हातारा. आपल्याकडे दत्तजयंती असते, मार्गशीर्षातले गुरुवार असतात, ते सोडून हे काय?

सावलीचा_हिशोब

कोका-कोलाचं अर्धसत्य आहे. हॅडन संडब्लॉमने त्यांच्यासाठी सँटा रंगवला तो १९३१ पासून. पण थॉमस नास्टने लठ्ठ, दाढीवाला सँटा अमेरिकन साप्ताहिकात त्याच्या पन्नास वर्षं आधी काढला होता, १८८१ मध्ये. आणि मूळ संत निकोलस चौथ्या शतकातले, मायरा गावचे बिशप. ते गाव आज तुर्कस्तानात आहे. म्हणजे बर्फाशी त्यांचाही फारसा संबंध नव्हता.

नाताळी_करंजी

मी मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून बडोद्यात नोकरीला आले ते इथलेच झाले. सँटाविरोधक, तुमचा राग सँटावर आहे की नाताळवर ते एकदा ठरवा. सँटावर असेल तर मी तुमच्याच बाजूने आहे.

आमच्या घरी नाताळ म्हणजे आधी गव्हाणी. आई गहू पेरायची, पंधरा दिवस आधी, पत्र्याच्या डब्यात. नाताळपर्यंत वीतभर हिरवं गवत उभं राहायचं आणि त्यात मातीच्या मेंढ्या, गाय, मारिया, योसेफ, बाळ ठेवायचं. बाळ मात्र २४ च्या रात्रीच, तोपर्यंत जागा रिकामी. आम्ही रोज जाऊन बघायचो, आलं का म्हणून. फराळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्या. शेजारच्या सगळ्या घरांत ताट जायचं आणि दिवाळीला तिकडून यायचं.

चिमणवर्ग, तुम्हाला खरंच नाताळ करायचा असेल तर हे करून बघा. १० डिसेंबरच्या आसपास मुलांना गहू पेरायला द्या. रात्रभर भिजवलेले, पसरट डब्यात माती, रोज फवाऱ्याने पाणी. चार दिवसांत कोंब दिसतात. माती मळून प्राणी तीन वर्षांचं मूल करतं, ते गाय म्हणेल ती गाय. गोष्ट पाच वाक्यांची आहे: दोन माणसं थकून आली, कुठेही जागा मिळाली नाही, गोठ्यात मिळाली, तिथे बाळ झालं, गाईगुरं बघत होती. जागा मिळाली नाही हे मुलांना लगेच कळतं, बाकावर रोज तेच चालतं.

आणि कृपा करून कोणा काकांना दाढी लावून आणू नका. माझी मुलगी ख्रिस्ती असूनही सँटाला बघून टेबलाखाली गेली होती.

चिमणवर्ग

अगदी! गेल्या वर्षी आमच्याकडे सँटा म्हणून रिक्षावाले काका आले होते. रोज ज्यांच्या मांडीवर बसून येतात तेच काका. दाढी लावून आत आले आणि अर्ध्या वर्गाने भोकाड पसरलं. काकाच रडवेले झाले.

गहू पेरायचं नक्की. तुमच्या परवानगीने गोष्टही घेते.

बालरोगवाला

दोन-तीन वर्षांच्या मुलांना मुखवटे, दाढ्या, झाकलेले चेहरे यांची भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आणायचेच असतील तर काकांना वर्गात मुलांसमोरच दाढी लावायला सांगा आणि मुलांना ती ओढू द्या.

सँटाविरोधक

गव्हाणीवर माझी हरकत नाही. घटस्थापनेला आपणही पेरतोच.

नाताळी_करंजी

मग या करंजी खायला.

संपादक मंडळ

यापुढे सण विरुद्ध सण अशी चर्चा वेगळ्या धाग्यावर. इथे बालवाडी.

सावलीचा_हिशोब

मग बालवाडीकडेच येतो. अंगणात ऊन आहे म्हणालात ना, तर सगळ्यात स्वस्त साधन तेच.

एका मुलाला उभं करा, पावलांभोवती खडूने रेघ मारा, मग सावलीभोवती रेघ मारा, शेजारी त्याची खूण काढा. साडेनऊला एकदा. घरी जायच्या आधी साडेअकराला त्याच पावलांवर पुन्हा. २२ डिसेंबरच्या सुमारास वडोदऱ्यात साडेनऊची सावली मुलाच्या उंचीच्या दुपटीएवढी असते आणि साडेअकराला उंचीपेक्षा थोडीशीच जास्त. शिवाय ती सरकलेलीही असते. मुलं शपथेवर सांगतील की सावली कोणीतरी ढकलली. सांगू द्या, खुलासा करायला जाऊ नका.

आता मोठ्यांसाठी. वडोदऱ्याचं अक्षांश सव्वाबावीसच्या आसपास, त्यामुळे त्या दिवशी ऐन मध्यान्ही, म्हणजे घड्याळात १२:३५ च्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांवर असतो आणि सावली जवळजवळ तुमच्या उंचीएवढी पडते. संक्रांतीपर्यंत ती उंचीपेक्षा किंचित कमी होते. सूर्याचं उत्तरेकडे वळणं २१-२२ डिसेंबरलाच झालेलं असतं. आपण १४ जानेवारीला साजरं करतो ते सूर्याचं मकर राशीत जाणं, आणि पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डुलण्यामुळे ते साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतं. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता.

पतंगखोर

म्हणजे आमचे पणतू १६ तारखेला पतंग उडवणार? आजपासून रजा टाकून ठेवतो.

सावलीचा_हिशोब

वासी उत्तरायण (दुसरा दिवस) धरून १७.

पतंगखोर

आलोच आहे तर बोलतो, हे माझं खातं आहे.

एक, या वयाला पतंग उडत नाही. बापच उडवतो, मूल फिरकी धरतं आणि अर्ध्या तासात कंटाळतं. त्यामुळे काइट डेला पतंग उडवण्याचा हट्ट नको. वर्तमानपत्राच्या कागदाला दोन घड्या, मागे लांब शेपूट, पुढे हातभर लोकर. पळालं की मागे फडफडतो. एवढंच पुरतं. खऱ्या पतंगाला किन्ना कसा बांधतात ते मुलांसमोर बांधून दाखवा, त्यांना गाठी बघायला फार आवडतं. फाटलेल्या पतंगांना गुंदरपट्टी लावायचं काम तर मुलांचंच. पट्टी ओली करायची, चिकटवायची, बोटांनी दाबायची. फोटोपण मिळतो.

दोन, मांजा वर्गात अजिबात नको, सुती असला तरी. काचेची पूड असते. नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी चोरून मिळतोच. मी स्वतः गळ्याला मफलर बांधल्याशिवाय त्या आठवड्यात स्कूटर काढत नाही.

तीन, पिपुड्या. एकेका मुलाला पिपुडी दिलीत तर शेजारी पोलिस बोलावतील. पण ओट्यावर दहा मिनिटं द्याच. फुंकर मारायला शिकणं हेही शिकणंच.

आजीबाई_रावपुरा

पक्ष्यांचंही सांग रे बाबा. आमच्या गच्चीत दर वर्षी एखादं कबूतर दोऱ्यात अडकून पडतं.

पतंगखोर

बरोबर, आजी. सकाळी लवकर आणि संध्याकाळी पक्ष्यांची ये-जा असते, त्या वेळात पतंग नको. सरकारचं करुणा अभियान दर वर्षी १० ते २० जानेवारी चालतं. जखमी पक्षी दिसला तर १९६२ या क्रमांकावर फोन करायचा, स्वतः दोरा ओढून काढायला जायचं नाही, पंख आणखी कापला जातो. खोक्यात झाकून अंधारात ठेवायचा. पाणी पाजायचं नाही.

निळा_टिळवा

पक्षी निघालेच आहेत तर, वढवाणा तलावावर सहल का नेत नाही? डभोईकडे. २०२१ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. हिवाळ्यात बदकं, राजहंस, करकोचे, हजारोंनी.

चिमणवर्ग

तीन वर्षांची मुलं, बसमध्ये तासाभराहून जास्त, आणि दर दहा मिनिटांनी "टीचर, सू". धन्यवाद. कमाटीबागेपर्यंत जाणं जमलं तरी पुष्कळ.

दोन_पिल्लांची_आई

संक्रांतीला वर्गात बोरन्हाण करता येईल का? धाकटीचं घरी राहून गेलं. सगळ्यांचं एकदम झालं तर किती गोड दिसेल.

बालरोगवाला

बोरं, हलवा, गोळ्या, शेंगदाणे, सगळं डोक्यावरून ओतून वीस मुलं एकाच वेळी खाली तोंडात टाकणार. मी त्या दिवशी गावाला जाईन म्हणतो.

आजीबाई_रावपुरा

डॉक्टर, तुम्ही गावाला नका जाऊ, आपण जिन्नस बदलू. चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या. बोरं वेगळ्या टोपलीत ठेवा, मोजायला आणि हुंगायला. घरी नेऊन आई बी काढून देईल. चार-चार मुलं पाटावर, बाकीची भोवती बसून टाकणार. काळं झबलं कोणाकडे नसलं तर काळ्या ओढणीचा तुकडा गळ्यात. गुजराती आयांनाही बोलवा, त्यांच्याकडे ही पद्धत नाही पण हौस दांडगी.

हलव्याचं म्हणाल तर मुलांनी करायचा नाही, बघायचा. माझ्याकडे अजून शेगडी आहे. मंद निखाऱ्यावर परात, त्यात भाजलेले तीळ, आणि एकतारी पाक चमच्याने थेंब थेंब. बोटांनी हलवत राहायचं, पाक सुकला की पुढचा चमचा. घाई केली की गोळा होतो. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, तीळ नुसता पांढरा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटा धरतो, आणि तोही थंडी पडली असेल तरच चांगला. बोटांची टोकं लाल होतात. मी दोन वाट्या घेऊन येईन, एक पहिल्या दिवसाची आणि एक तिसऱ्या दिवसाची. लांबून बघतील आणि एकेक दाणा हातावर घेतील. खायला द्यायचा की नाही ते डॉक्टरांना विचारा.

बालरोगवाला

आजी, तुमच्या हलव्याला नाही कसं म्हणू. पण या वयाला हातावरच ठेवू दे. मला मात्र चालेल.

गृहविज्ञान_८७

तिळगूळ मात्र मुलं स्वतः करू शकतात, गॅसशिवाय. तीळ घरून भाजून आणायचे. एक वाटी तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट (ॲलर्जी विचारून), पाऊण वाटी मऊ किसलेला गूळ, चमचाभर तूप. तीळ खलबत्त्यात अर्धवट कुटायचे, हे काम प्रत्येकाला पाच-पाच दणके. मग सगळं एकत्र मळायचं आणि लाडू. कोणाचा सुपारीएवढा होईल, कोणाचा चपटा. तसेच डब्यात ठेवा. तुम्ही पुन्हा वळून गोल करू नका, नाकावरची टिकली आठवा.

शंकासुर

"तिळगूळ घ्या, गोड बोला" हे या धाग्यावर सक्तीचं करावं.

संस्थाचालक_आहे_मी

दुसरी बाजू मांडतो. मी स्वतः बालवाडी चालवतो, वडोदऱ्यातच, सुभानपुऱ्याकडे. फोटो लागतात कारण पालक प्रवेश घेताना फोटो बघूनच येतात. शेजारच्या शाळेने कृत्रिम बर्फ उडवला आणि आम्ही मटार सोलले, तर जूनमध्ये माझ्याकडे चार प्रवेश कमी. बाईंचे पगार त्यातूनच निघतात. ताईंच्या चालकांना खलनायक करू नका.

गृहविज्ञान_८७

रास्त मुद्दा. मग फोटो काढा, पण कशाचा ते बदला. तयार वस्तूऐवजी हातांचा, जवळून. बटणाशी झटणारी बोटं, गुळाने माखलेले तळवे. खाली दोन ओळी: आज काय केलं आणि त्याने काय येतं. "शेंग दोन बोटांत दाबून उघडली. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात." पालकांना हे कोणी सांगतच नाही, म्हणून ते कापसाच्या दाढीवर खूष होतात.

दोन_पिल्लांची_आई

हे असं कोणी लिहून पाठवलं असतं तर मी मटारावर बोललेच नसते.

संस्थाचालक_आहे_मी

दोन ओळींची कल्पना घेतो. एक आठवडा करून बघेन. बर्फाचं मशीन मात्र भाड्याने ठरवून झालंय, आगाऊ पैसे दिलेत.

मुरारचा_मुरांबा

ग्वाल्हेरला पाठवा, आम्ही त्याच्यापुढे शेकोटी करू.

चिमणवर्ग

सगळ्यांचे आभार. काल सुट्टीनंतर आमच्या चालक बेनशी बोलले. सँटा सप्ताहाचं नाव तसंच ठेवायचं ठरलं, कारण पत्रक छापून झालंय. आत काय करायचं ते मी ठरवणार.

तर असं: १० तारखेला गहू. तेव्हापासूनच रोज दहाला स्वेटरची घडी. सोमवारी आणि गुरुवारी पाच-पाचच्या गटाने पापडी-मटार, सोललेलं सामान मासींच्या घरी जाईल, त्यांनी हे ऐकल्याबरोबर माझी बाजू घेतली. २२ च्या आसपास सावल्या. २४ ला मातीचे प्राणी आणि पाच वाक्यांची गोष्ट. रिक्षावाले काका येणार आहेत, दाढी वर्गातच लावणार. ते विचारत होते की मुलांनी ओढायची ती त्यांच्या मिशांसकट का.

जानेवारीत मोज्यांचा गिल्ली-डंडा, गुंदरपट्टी, तिळगूळ, आणि संक्रांतीनंतर बोरन्हाण, रथसप्तमीपर्यंत केव्हाही. आजीबाई, तुम्हाला घ्यायला रिक्षा पाठवते. नाताळी_करंजी, गव्हाणी बघायला तुम्ही आणि तुमची लेक याल का? टेबलं आमच्याकडे नाहीतच, त्यामुळे खाली जायची सोय नाही.

क्राफ्ट दिवसाला एक पाहिजेच असं बेन अजून म्हणताहेत. त्यावर आठवड्यातून दोन अशी तडजोड होतेय असं वाटतं.

नाताळी_करंजी

येतो. करंज्या आणते, सारण खोबऱ्याचं, त्यात अख्खं काही नाही, डॉक्टरांनी काळजी करू नये.

सँटाविरोधक

माझा नातू तुमच्याच शाळेत आहे हे आत्ता लक्षात आलं. २४ ला आजोबांना प्रवेश आहे का?

चिमणवर्ग

आहे. पण येताना माती मळून आणायची. शाडू नको, साधी चिकणमाती, खडे काढून. दोन किलो पुरे.

सँटाविरोधक

घरून काही मागवणार नाही असं ठरलं होतं ना?